पप्पांचे पैसे, एकच कॅमेरा

साईं, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. सगळा सिंधी बाजार तुम्हाला साईं म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचे; तुम्ही मला पुट म्हणायचात, म्हणजे बेटा. खरं तर तुम्ही माझे शेठ होतात, आणि कॅमेरा कसा धरायचा इथपासून गिऱ्हाईक तापलं की तोंड कसं बंद ठेवायचं इथपर्यंत सगळं मी तुमच्याकडेच शिकले. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात तुमचा तो चिंचोळा स्टुडिओ. मी बदलापूरहून यायचे, पासपोर्ट फोटो कापायचे, लग्नांचे अल्बम लावायचे. पुढे तुम्ही मला लग्नांना पाठवायला लागलात. एका नवऱ्यामुलाच्या काकाने "मुलगी फोटो काढणार?" म्हणून नाक मुरडलं, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "नवरीच्या खोलीत मग मी जाऊ काय?" मी अल्बमच्या मागे तोंड लपवून हसले होते.

सहा वर्षांनी मी तुमच्यासमोर यादी ठेवली, ती दुपार मात्र हसण्यासारखी नव्हती. पप्पा गेल्यावर अंबरनाथच्या त्यांच्या कारखान्याकडून तीन लाख चाळीस हजार मिळाले होते. खातं आईच्या आणि माझ्या नावावर, दोघींपैकी कुणाचीही सही चालायची. नवा कॅमेरा, दोन लेन्स, लाइट, कॉम्प्युटर, बदलापूर स्टेशनजवळ गाळ्याचं डिपॉझिट, काचेचा दरवाजा, बोर्ड. बेरीज सव्वातीन लाखांच्या घरात जात होती. तुम्ही बशीतला चहा संपवलात, चष्मा लावलात, यादी दोनदा वाचलीत.

"सगळं लिवलं," तुम्ही म्हणालात. "गिऱ्हाईक कुठे लिवलं?"

"बोर्ड लागला की येतील."

"आईला विचारला?"

"हो," मी म्हटलं. विचारलं नव्हतं.

तुम्ही पेन घेऊन यादीवर आडवी रेघ मारलीत. "एक लाख टाक, पुट. त्याच्यावर एक रुपया नाय. जुने दोन कॅमेरे घे, नवा एक नको. लाइट भाड्याने मिळते. दुकान घेऊ नको. दुकान गिऱ्हाईक नाय आणत, भाडा आणते. बाकी पैशात एक वरस घर चालला पायजे, एक पण ऑर्डर नाय आली तरी."

आता ते शब्द मला पाठ आहेत. तेव्हा मात्र कानशिलं तापली. महिनाभर मी त्या यादीतल्या प्रत्येक ओळीवर झोपत होते, उठत होते, आणि तुम्ही एका रेघेत तिचा निकाल लावला. मी म्हटलं, "बदलापूरची लग्नं तुमच्या हातातून जातील, म्हणून सांगताय ना हे?"

दुकानात आणखी कुणी नव्हतं. तुम्ही यादीची घडी घातलीत, माझ्या हातात दिलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "शनिवारपर्यंत काम कर. मग येऊ नको."

मी शनिवारची वाट बघितली नाही.

पुढच्या सोमवारी पैसे काढले. गाळ्याच्या पूजेला आई आली, नवीन साडी नेसून. तिने काचेच्या दरवाजाला हात लावून पाहिलं आणि विचारलं, "कर्ज मिळालं का गं?" मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. त्या अर्धवट मानेवर ती माऊली खूश होऊन सगळ्यांना पेढे वाटत फिरली.

चार महिन्यांत तीन वाढदिवस आणि एक बारसं मिळालं. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला जात होतं. मग अंबरनाथचं लग्न आलं, पंचेचाळीस हजारांचं, सगळे पैसे आगाऊ. हळदीचे फोटो सुरेख आले. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये माणसं मावत नव्हती, भटजी घड्याळ बघत होते, आणि मुहूर्ताला पंचवीस मिनिटं असताना कॅमेऱ्याचं शटर अडकलं. मी बॅटरी काढून घातली. कार्ड काढून घातलं. लेन्स बदलली. बटण दाबलं की आतून नुसता एक सुका टक् आवाज यायचा आणि पडद्यावर तोच एक शब्द: एरर. दुसरा कॅमेरा नव्हता. दुसऱ्या कॅमेऱ्याचे पैसे काचेच्या दरवाजात होते.

मी हॉलच्या जिन्यात उभी राहून तुम्हाला फोन केला. चार महिन्यांत पहिला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "हॉल कुठला?"

त्यानंतरची मिनिटं मी अजून विसरले नाही, साईं. नवरीची आई दोनदा येऊन गेली, "ताई, चला ना, अंतरपाट धरतायत." मी बिघडलेला कॅमेरा डोळ्याला लावून स्टेजसमोर उभी राहिले. हो, तेही केलं मी. मंगलाष्टका चालू झाल्या, मी बंद कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिले, लोक माझ्यासाठी वाट करून देत राहिले. अक्षता माझ्या केसांत पडत होत्या. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, पोरीने वर पाहिलं. ते पाहणं माझ्यासमोर दोन हातांवर घडलं आणि ते कुठेच उमटलं नाही.

तुम्ही सहा मिनिटं उशिरा पोचलात. रिक्षातून उतरून जिने चढताना धाप लागलेली, शर्टाची बटणं वरखाली. कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवलात आणि स्वतः लाइट उचलून माझ्या मागे उभे राहिलात. मी जिथे वळेन तिथे उजेड वळत होता. जेवणाच्या पंगतीपर्यंत तुम्ही तो लाइट धरून होतात, आणि नवरीचे वडील तुम्हाला माझा नोकर समजून "अहो, जरा बाजूला" म्हणत होते. तुम्ही बाजूला होत होतात.

परतताना रिक्षात मी रडायला लागले. तुम्ही म्हणालात, "कारण सांगू नको पोरीच्या बापाला. सगळे पैसे परत दे." बस्स. ती यादी, माझं ते बोलणं, यातलं काही काढलं नाहीत. काढलं असतं तर बरं झालं असतं. मी तरी काही बोलले असते.

आठ दिवसांनी नवरीचे वडील गाळ्यात आले. अल्बम उलटसुलट चाळला. "अंतरपाटाचा फोटो कुठाय?" माझ्या तोंडून निघालंच, "कॅमेरा ऐन वेळी..." त्यांनी टेबलावर हात आपटला. "तुमचा कॅमेरा बिघडला म्हणून मी पोरीचं लग्न परत लावू?" मी ड्रॉवर उघडून पंचेचाळीस हजार त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत, नुसते उचलले. मोजले असते तर मला कमी लागलं असतं.

आठव्या महिन्यात गाळा सोडला. त्याच सुमारास आई पासबुक भरून आणायला बँकेत गेली. घरी येऊन ओट्याशी उभी राहिली, पासबुक उघडं धरून. शिल्लक एकोणीस हजार.

"एवढेच?" तिने विचारलं.

मी खाली बघत सगळं सांगितलं. वाटलं, आता ती मारेल, निदान पप्पांचं नाव घेऊन रडेल. तिने पासबुक डब्यात ठेवलं आणि कुकर लावला. सोमवारी सकाळी ती अंबरनाथला एका मसाल्याच्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. चोपन्नाव्या वर्षी. मिरचीने तिचे हात इतके जळायचे की संध्याकाळी तिच्या डोळ्यांत केस गेला तर तो मी काढायचे. चार वर्षं केलं तिने ते. मला एका शब्दाने बोलली नाही, आणि त्या न बोलण्याखाली मी चार वर्षं काढली.

महागडी लेन्स विकून मी दोन जुने कॅमेरे घेतले. लाइट तुमच्याकडून न्यायचे. भाडं तुम्ही पुरतं घेतलंत, एकदाही सूट दिली नाहीत, आणि त्यामुळेच मला तुमच्या दारात यायला लाज वाटेनाशी झाली. पण ज्या वाक्याबद्दल माफी मागायची होती ती राहिली. आज लाइट नेते, उद्या बोलेन, असं तीन वर्षं चाललं. मग एका दुपारी तुम्ही काउंटरवरच मान टाकलीत. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

माझं बरं चाललंय. चिखलोलीला नवे टॉवर झाले, तिथल्या बिल्डरांना सॅम्पल फ्लॅटचे फोटो लागतात, लहान मुलांचे वाढदिवस असतात, लग्नं असतात. आई घरी असते. लोक माझ्याकडे विचारायला येतात, ताई, फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचा तर किती पैसे घालायचे?

गेल्या आठवड्यात एक बाई घरी आली होती. नवरा वारलेला, हातात त्याचे आलेले पैसे, मोबाइलमध्ये गाळ्याचे फोटो. मी सांगितलं, असतील त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका, दोन जुने कॅमेरे घ्या, गाळा नको, बाकीच्यात घर वर्षभर चालेल असं बघा. आणि आधी घरच्यांना विचारा. ती म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

आई तिथेच लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, "आमचे पप्पा म्हणायचे."

पप्पांनी जन्मात धंदा केला नव्हता. आईचा हात थांबला. मग ती त्या बाईला म्हणाली, "हो, म्हणायचे."

मी नेहमी असंच सांगते, साईं. तुमचं नाव घेतलं की पुढे मी तुम्हाला काय बोलले तेही सांगावं लागेल. ते मला अजून कुणासमोर जमत नाही.