माधुरीची जागा

खर्डा,
४ एप्रिल २०२४

ती. पुष्पाआत्यास,
प्रज्ञाचा सविनय जय भीम.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. मी खुशाल आहे. नवी खोली चांगली मिळाली आहे, पाणी एक दिवसाआड येतं.

मनाला लागलेली गोष्ट सांगते. माझ्या पाचवीच्या वर्गात माधुरी नावाची मुलगी आहे. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, बरोबर हिलाही नेतात, ते मार्च सरताना परत. दरवर्षी परतली की ही सतरंजी सोडून दाराजवळच्या उघड्या फरशीवर बसते. पोरं तिला ‘पाहुणी’ म्हणतात. नगरच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं की मुलाला वर्ग आपला वाटला पाहिजे. म्हटलं, यंदा काहीतरी करून दाखवायचंच. ती आली त्या दिवशी गुलाब, नारळ, शाल, सगळं आणलं. उपसरपंचांनाही बोलावलं. तिला खुर्चीवर बसवून सत्कार केला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, ग्रुपवर फोटो गेला.

माधुरी सगळा वेळ फरशीकडे बघत होती. शेवटी नारळ माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली, ती अजून शाळेत आलेली नाही. तिची आजी झुंबरबाई म्हणते, पोट दुखतंय. आत्या, मुख्याध्यापिका म्हणून तुझी उभी हयात शाळेत गेली. माझं कुठं चुकलं ते सांग. रागाव, पण सांग.

तुझी,
प्रज्ञा


केडगाव,
१० एप्रिल २०२४

चि. प्रज्ञास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसण्यात गेलं. अगं शहाणे, आपल्याकडे सत्कार कोणाचा करतात? बदली होऊन जाणाऱ्याचा, निवृत्त होणाऱ्याचा, नाहीतर बाहेरून आलेल्या पाहुण्याचा. माझ्या खांद्यावर शाल पडली त्या दिवशी मला कळलं, आता ती खुर्ची आपली नाही. पोरं त्या लेकराला नुसतंच पाहुणी म्हणत होती, तू शाल-नारळ देऊन तसा शिक्काच मारलास.

घरच्या माणसाला हार घालत नाहीत, काम सांगतात. तिच्या घरी जा. सत्काराचं नाव काढू नकोस. फळा पुसायची पाळी तुझी आहे, तू नाहीस म्हणून फळा तसाच राहिलाय, एवढंच सांग आणि चहा पिऊन परत ये.

माझं म्हणशील तर पाय दुखताहेत. परवा सुप्याला तुझ्या महेंद्रदादाकडे गेले होते. येताना गाडीत एकच सीट रिकामी, आणि तिच्यावर कोणीतरी खिडकीतून रुमाल टाकून ठेवलेला. मी म्हातारी उभी, चार जण उभे, कंडक्टरही बघतोय, पण तो रुमाल उचलायची कोणाची छाती झाली नाही. रुमालवाला भजी खात सावकाश आला आणि राजासारखा बसला. केडगावपर्यंत मी त्याच्याकडे रागाने बघत उभी होते.

चौदा तारखेला जयंतीला ये. पत्रात माया आहेच, पण तोंड दाखवायला तरी येत जा.

तुझी,
आत्या


खर्डा,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जय भीम.

उन्हाळ्यात भेटलो तेव्हा सांगितलंच होतं, फळ्याची मात्रा लागू पडली. दुसऱ्याच दिवशी माधुरी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. जूनपासून सहावीत, तो वर्गही माझ्याकडेच आहे, दुसऱ्या रांगेत हुमेराशेजारी बसायची. हुमेरा म्हणजे इथल्या फक्रुद्दीन टेलरची मुलगी, दिवसभर तोंड चालू. तिच्या नादाने माधुरीही बोलायला लागली होती.

आता ती परत गेली. आणि या वेळी कायमचीच जाते की काय, अशी भीती आहे. तिचा बाप छगन म्हणतो, कारखाना बंद झाला की गावाकडे न येता तसंच सुप्याला बांधकामावर जायचं. माधुरीने धाकट्या भावाला सांभाळायचं आणि भाकऱ्या थापायच्या. मी ऊसतोडीवाल्यांच्या मुलांसाठी गावात चालतं त्या हंगामी वसतिगृहाचं सांगितलं, गळ घातली. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि ट्रॅक्टरमध्ये बोचकी भरली.

वर्गात कोणाचं मन लागेना, माझंही. पोरांनी हसावं म्हणून तुझी रुमालाची गोष्ट सांगितली. तुझी नक्कलही केली, माफ कर. पोरं खूप हसली. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माधुरीचं नाव आलं. पटावरून तिचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलंय. वर बघते तर तिच्या जागेवर हुमेराचा रुमाल पसरलेला. हुमेरा उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, जागा धरलीय.”

कोणी हसलं नाही. आता रोज कोणीतरी रुमाल टाकतं, आणि त्या नावाला वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं. काल केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि नेमके तिथेच बसायला वाकले. सगळा वर्ग एकदम ओरडला. त्यांनी कोणाची जागा म्हणून विचारलं, पोरांनी सांगितलं. साहेबांनी रुमाल नीट केला आणि दाराजवळच्या उघड्या फरशीवर जाऊन बसले. तीच ती जागा, आत्या.

पण पोरांनी अशी जागा धरून ठेवायची आणि ती आलीच नाही, तर त्यांना मी काय सांगू?

आशीर्वाद असू दे.

तुझी,
प्रज्ञा


केडगाव,
१० जानेवारी २०२५

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

माझी नक्कल केलीस, त्याचा हिशोब समोरासमोर करू.

गाडीत जागा धरणारा काय करतो? नुसता रुमाल टाकून गप्प बसतो का? खिडकीतून डोकं काढून गर्दीतल्या आपल्या माणसाला हाक मारतो. तुम्ही सगळे आत बसून राहिलात. त्या पोरीला कोणी कळवलंय का? तुझा तो मोबाईल कशासाठी आहे?

थंडी फार आहे, कानाला बांधत जा. पोरांना माझे आशीर्वाद, त्या केंद्रप्रमुखांनाही.

तुझी,
आत्या


खर्डा,
२५ मार्च २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम, आणि आज जरा मोठ्याने.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आम्ही हाक मारली. पूर्ण हजेरी मोबाईलवर रेकॉर्ड केली. प्रत्येकाचं ‘हजर’, आणि माधुरीच्या नावाला सगळ्या वर्गाचं ‘जागा धरलीय’. छगनच्या फोनवर पाठवलं. उत्तर नाही. फेब्रुवारी गेला, कारखाने बंद व्हायला लागले, तरी उत्तर नाही. पोरं मात्र रुमाल टाकतच होती.

गेल्या मंगळवारी हजेरी चालू असताना दारात छगन उभा, आणि त्याच्यामागे दप्तर घेऊन माधुरी. मी खुर्चीतून उठणारच होते, तुझी आठवण झाली आणि खाली बसले. एकाही पोराने टाळी वाजवली नाही. हुमेराने रुमाल उचलला, झटकला आणि जरा सरकली. माधुरी जाऊन बसली. तिचं नाव आलं, ती ‘हजर’ म्हणाली, आणि मी पुढचं नाव घेतलं.

नंतर छगन पटांगणात थांबला होता. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. म्हणाला, “मॅडम, पोरगी रोज तेच लावून ऐकायची. कोपीवरल्या, आमच्या पाचटाच्या झोपड्यांतल्या, समद्या पोरान्ला तुमची हजेरी पाठ झाली. म्या म्हनलं, आता सुप्याला जायचं हाय. तर म्हनली, आप्पा, येष्टीत कुनी आपली जागा धरली आन आपन चढलोच न्हाई, तर त्यानं किती लोकांशी भांडायचं? मला जायाला पायजे. मग म्या बोचकी हिकडंच वळवली.”

तो एकटा सुप्याला गेला. बायको आणि धाकटा झुंबरबाईंजवळ घरीच राहिलेत. आणि पुढच्या हंगामात माधुरी वसतिगृहात राहणार, हे त्याने आपणहून सांगितलं, मी विचारायच्या आधी. जिंकलो आपण, आत्या.

आणखी एक. काल हुमेरा तापामुळे आली नाही. मी हजेरी घ्यायला बसले तेव्हा माधुरीने आजूबाजूला पाहिलं. तिच्याजवळ रुमाल नव्हता. तिने एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि हुमेराच्या जागेवर ठेवली. मी हुमेराचं नाव घेतलं. जिचं ‘हजर’ मला आजवर वाकून ऐकावं लागायचं, ती एक वेणी मोकळी सोडून उभी राहिली आणि शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जागा धरलीय.”

जयंतीला मी तिकडे येईनच, पण त्याआधी तू इकडे ये. जामखेडच्या गाडीत बसायला मिळेल की नाही सांगता येत नाही, पण सहावीच्या सतरंजीवर पोरांनी तुझ्या नावाचा रुमाल आजच टाकून ठेवलाय. सत्कार होणार नाही. फळा मात्र पुसावा लागेल.

तुझीच,
प्रज्ञा