गिरणी मोडण्याचा अर्ज

बुधवार, १२ फेब्रुवारी १९४७. नगर.

शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. वकिलांकडे जाऊन आले. टांगा मिळाला नाही, चालत आले.

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुमची तेलाची गिरणी काकांनी गिळली आहे. त्यात थोडा दोष तुमचाही आहे, आणि तो मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

तुम्ही दोघा भावांनी गिरणीची कंपनी केली, निम्मी तुमची, निम्मी त्यांची. मुलगा नव्हता म्हणून जाताना तुमचे सगळे शेअर माझ्या नावे केलेत. पण मी पंधरा वर्षांची असताना काकांनी सहीसाठी पुढे केलेला कुठलासा कागद वाचू लागले, तेव्हा चारचौघांत तुम्ही म्हणालात, "घरच्या माणसाचा कागद वाचतात का? ते काय परके आहेत?" त्यानंतर मी घरचा एकही कागद वाचला नाही. वर्गात मुलींना एकेक ओळ दोनदा वाचायला लावते, ती मी.

दसऱ्याला इंजिनाची पूजा आणि त्याच दिवशी कंपनीची सभा, ही पद्धत तुमचीच. पुरुष इंजिनाजवळ सतरंजीवर बसतात, आम्ही बायका मागच्या पडवीत पुरणपोळ्या करतो. तीन वर्षांपूर्वीचा दसरा. माझे हात पुरणात आहेत. काकू कागद घेऊन येतात. मी हात धुवायला उठते तर म्हणतात, "बस गं, पोळी करपंल. अंगठा दे, चालतंय." त्या माझा अंगठा आपल्या पदराने पुसतात, शाईत टेकवतात, कागदावर दाबतात. मी पुढची पोळी लाटायला घेते.

त्या कागदाने नवे शेअर निघाले आणि ते काकांच्या दोन मुलांना गेले. माझा निम्मा वाटा पाचवाही उरला नाही. मला पहिला संशय आला गेल्या उन्हाळ्यात, तोही यंत्रामुळे. तेल गाळायचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं आहे असं काका वर्षभर सांगत होते. एका लग्नासाठी संगमनेरला गेले, तर थोरल्या चुलतभावाच्या स्वतःच्या नव्या गिरणीत ते चालू होतं. तुम्ही तडा गेल्यावर बसवलेली पितळी पट्टी तशीच होती.

गेल्या दसऱ्याला मी पडवीत न बसता सतरंजीवर जाऊन बसले आणि यंत्राचं विचारलं. चुलतभाऊ हसला. "मास्तरीणबाई, हे फळ्यावरचं गणित न्हाई." काकांनी अंगठ्याचा कागद काढून दाखवला आणि सांगितलं की आता मोजून हात वर केले तरी तुझा एकच. मग मला पानावर बसायला बोलावलं. मी न जेवता घरी आले.

आज वकिलांनी मागवून घेतलेल्या कागदावर तो अंगठा पाहिला. हसले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. हा तुमचाच ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, जास्त शेअर ज्याचे त्याचं कंपनीत चालतं. गिरणी चालू ठेवून काकांना आवरावं असा कायदा नाही. अगदीच अन्याय होत असेल तर कंपनीच मोडा, असा अर्ज तेवढा कोर्टात करता येतो.

म्हणजे तुमचं इंजिन लिलावात जाईल. तुम्ही ठेवलेला इंजिनवाला या वयात काम शोधेल. बापाची गिरणी पोरीने बुडवली असं काका गावभर सांगतील. रोज थोडी थोडी मोडताहेत ते, पण अर्जावर नाव माझं असेल.

तुमची परवानगी मागावी म्हणून लिहायला बसले. खरं सांगते आप्पा, सही दुपारीच करून आले. तुम्ही नको म्हणाला असतात, तरी केली असती.

हे पत्र कुठे धाडायचं नाही. आता उठते. चूल पेटवून एकटीपुरता भात टाकते.