काचेवरचे शेवाळ पुसू नये

मी, नरसिंहराव आप्पाजी मोहिते, वय ७४, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा निवृत्त फोरमन, राहणार दासरहळ्ळी, बेंगळुरू, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कान गेले आहेत, पण त्यांचे इथे काम नाही. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून घाई.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी निधी हिला.

२. माझा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे हत्यार, कारखान्यातला सोबती पिराजी याला. तो त्याच्याकडेच आहे. मागून मागून थकलो, आता कायदेशीर झाला.

३. हॉलमधली काचेची टाकी आणि तिच्यातले लाल झिंगे. नखाएवढे जीव, काचेवरचे शेवाळ खाऊन जगतात. माझ्या कारवारच्या मेहुण्यांनी ध्यानात ठेवावे, की ते खाणारे आहेत, खायचे नाहीत. पत्नी शिवलीला वारल्यावर घर खायला उठले, तेव्हा मी ते इथल्या शिवाजीनगर बाजारातून आणले. त्यांच्यामुळे मी सकाळी उठतो.

ते निधीला देता येत नाहीत. मुलगी गुणी, पण तिला डाग सहन होत नाही. गेल्या दिवाळीत मी बाहेर असताना तिने टाकी लख्ख घासली, दगड उकळले, नळाचे ताजे पाणी भरले. मी आलो तेव्हा झिंगे उताणे पडले होते.

"अप्पा, स्वल्प घासलं तर केवढी घाण निघाली बघा," ती म्हणाली.

ती घाण म्हणजे त्यांचे वाढलेले ताट होते. फिल्टरमागे तिचा हात पोहोचला नाही, तिथले चारदोन वाचले.

४. जावई मकरंद, मूळ नागपूरचा, आमच्याकडेच राहतो. महादेवपुऱ्यातल्या कंपनीचे काम घरबसल्या करतो. काम दिसत नाही, बसणे दिसते. प्यालेला कप उचलत नाही. लग्नाला माझा विरोध होता आणि आहे.

मार्चमध्ये मी दवाखान्यात पडून होतो. निधी रात्रंदिवस माझ्याजवळ, टाकी नाइलाजाने मकरंदवर. झिंग्यांची आशा मी सोडली होती. परतलो तर काच हिरवीगार, आणि तिच्यावर भाताच्या कणीएवढी पिल्लेच पिल्ले. काय केलेस, असे मी विचारले.

"काहीच नाही, बाबा. नुसता बसून बघत होतो."

हे उत्तर मी लग्नापासून ऐकतो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा गोड लागले.

सबब टाकी, झिंगे आणि माझी आरामखुर्ची मकरंदला. त्याने खुर्ची टाकीसमोर ठेवावी व आजवर केले तेच करावे. निधीने त्याला तिथून उठवल्यास फ्लॅट पिराजीकडे जाईल, आणि पिराजीकडे गेलेली वस्तू परत येत नाही.

मी जावयाला माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये.

स्थळ : बेंगळुरू. दिनांक : ८ ऑगस्ट २०२५.
सही : न. आ. मोहिते

साक्षीदार :
१. महांतेश हिरेमठ, शेजारी. साक्षीदाराला काही मिळत नाही हे कळल्यावर "सरी", म्हणजे ठीक आहे, असे म्हणून सही केली.
२. डॉ. सुप्रीता राव, तळमजला.

ता. क. साक्षीदार चहा पीत आहेत, तोवर त्यांच्यासमोर लिहितो. सोमवारनंतर मी परत आलो, तर आरामखुर्ची मला लागेल. मकरंदने स्वतःसाठी दुसरी आणून शेजारी ठेवावी. त्यासाठी एकदा उठावे लागेल, त्याला इलाज नाही.