मोअर शॉकिंग

२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही आणि मामी लग्नाचं बोलायला तिच्या आईकडे जाणार आणि मला नेमकी सुट्टी नाही, म्हणून जिवाला घोर लागलाय. आई हो म्हणाली तरच लग्न, असं तिनं मला निक्षून सांगितलंय. तिचे वडील आपलीच भाषा बोलायचे, ते आता नाहीत. आईंना मात्र इंग्रजीशिवाय काही येत नाही.

'थक्क झालो' म्हणायला तुम्ही शब्द मागितलात. घ्या: सरप्राइझिंग, अमेझिंग, अस्टॉनिशिंग, स्टनिंग, शॉकिंग. अर्थ साधारण एकच, पुढे पुढे जोर वाढत जातो. घाईत लिहितोय, साहेब हाक मारताहेत.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्या, आणि रविवारी जरा जास्त.

तुमचा,
ठोंब्या

९ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

फत्ते! बाईंनी स्वतः केक केला होता. खरं सांगू? खालून करपलेला आणि मधे कच्चा. पण मी पहिला घास घेतला आणि तुझी यादी आठवली. चष्म्याच्या धंद्यात जन्म गेला माझा. कमी नंबर दिला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. म्हटलं, लावा सगळ्यात वरचा! मोठ्यानं म्हणालो, "युवर केक, शॉकिंग!" बाई नुसत्या बघत राहिल्या. ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हणालो. मग तुझ्या तिच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, "डॉटर, मोअर शॉकिंग!"

बाईंना अगदी भरून आलं. लालबुंद होऊन आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. तुझ्या मामीनं मला असा चिमटा काढला, की अजून निळं आहे. तिचं म्हणणं, घोळ झालाय. तिला काय कळतंय इंग्रजीतलं!

मुलगी लाखात एक आहे. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

मामा

१३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काय केलंत हे! शॉकिंग म्हणजे धक्कादायक, ऐकून लाज वाटावी असं! तुम्ही त्यांच्या घरात बसून, त्यांचाच केक खात, त्यांच्या मुलीला लाजिरवाणी म्हणालात. रविवारपासून ती माझ्याशी बोललेली नाही. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्यासमोर?

मामीला सांगा, चिमटा कमी पडला.

ठोंब्या

१७ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

ओरडू नकोस. अर्थ एकच, असं कुणी लिहिलं होतं? आपण 'भयंकर आवडलं' म्हणतो, तेव्हा कुणी घाबरून पळतं का? मग इंग्रजीलाच काय धाड भरली?

पण बोललो मीच, हे खरं. तुझी आई गेल्यापासून तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि माझ्याच जिभेनं तुझं लग्न मोडायचं, हे मला सोसवत नाही रे. दोन दिवस दुकान उघडलेलं नाही. हे 'भयंकर'चं सगळं मुलीला लिहून कळवलंय आणि आईंना समजावून सांग म्हटलंय. वर माफीही मागितलीय. मामीनं पत्र तपासून दिलं.

रागावलास तरी लिहीत जा.

मामा

२४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. भयंकर म्हणजे भीतीदायक, पण भयंकर आवडलं म्हणजे खूप आवडलं, हे इंग्रजीत समजावताना माझ्या नाकी नऊ आले. रागावून मी तुमच्या भाच्याशी अबोला धरला होता, तो सोडलाय.

त्या दिवशी आत जाऊन आईनं तो केक पहिल्यांदा नीट चाखला. बाबा जन्मभर तिच्या प्रत्येक केकला 'अमेझिंग' म्हणायचे आणि आपला तुकडा गुपचूप कुत्र्याला घालायचे. आई म्हणते, या घरात खरं बोलणारा हा पहिलाच माणूस. माझ्याबद्दल विचारलं, तर म्हणाली की मी शॉकिंग आहे, हे ती केव्हापासून सांगतेय.

आमच्या लग्नाचं काय ते स्वतःच्या हातानं कळवायचा तिचा हट्ट आहे. तुमच्यासारखंच तिनंही माझ्याकडून मराठी शब्द मागून घेतलेत. मी निवड बदलायला सांगितली, पण ऐकत नाही. मला पदरात घ्याल ना?

आपली,
मोअर शॉकिंग

ता. क. मामा भयंकर. भाचा जास्त भयंकर. लग्न करा. केक मी करते.