चौथा पिस्टन

प्रिय ताई,

बाबांनी खोलून तसंच ठेवलेलं गाडीचं इंजिन मी पुन्हा बांधतोय. चारपैकी तीन पिस्टन खोक्यात सापडले. चौथ्यासाठी भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवले. एक म्हणाला, "साहेब, गाडीच्या आधी तुम्हीच भंगारात याल." आणि काखेत कळसा, गावाला वळसा! चौथा तुझ्याच टेबलावर. बाबा त्यात चष्मा ठेवायचे, तू त्यांचा चष्मा अजून त्यातच ठेवतेस.

गेल्या महिन्यात मी आलो तो तुला भेटायला नाही, त्या पिस्टनसाठी. तू चहा टाकायला गेलीस तेव्हा पिस्टन मोजला. तंतोतंत जुळला. पिशवीतही टाकला. पण टेबलावर नुसता पडलेला चष्मा बघवेना, म्हणून सगळं परत ठेवलं. घाईत चष्मा उलटा ठेवला गेला. चहा ठेवताना तू तो सुलटा केलास. आणि दारात म्हणालीस, "पुन्हा ये. पण पिशवी न घेता."

चौथा शेवटी लेथवाल्याकडून बनवून घेतला, बाकी तिघांच्याच वजनाचा, नाहीतर इंजिन थरथरतं. काल ते सुरू झालं, खोकत का होईना.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रविवारी तुझ्या घराखाली बाबांच्या गाडीचा हॉर्न वाजेल. तू डोकावलीस की एवढंच सांगेन: चष्मा घेऊन ये.

तुझा,
धाकटा