सोळा पिवळी टिंबं

प्रिय दादा,

दंतवैद्याची ती पाटी आठवते का तुला? मी नऊ वर्षांची, शाळेच्या गणवेशात, दोन्ही हातांनी तुझी शिडी घट्ट धरून उभी. तू सगळी अक्षरं रंगवून खाली उतरलास, मला वर चढवलंस आणि म्हणालास, “हं, ‘द’वरचं टिंब तुझं. ब्रश टेकव, फिरव, उचल. मध्ये श्वास सोडायचा नाही.” पुढची सात वर्षं शाळेत जाताना मी रोज मान वर करून ते टिंब बघितलं. (त्याच दंतवैद्याने माझी दाढ उपटली तेव्हा, पाटीत आपलाही हात आहे, याने जरा बेताने उपटावी, असं मला फार वाटलं होतं.)

तर त्या टिंबवालीचा तुला वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझी सूनबाई फोनवर म्हणाली, वहिनी गेल्यापासून तू ब्रशांचा डबा माळ्यावर टाकलास आणि नजर गेली म्हणून सांगतोस. समोरच्या गच्चीतल्या चादरीवरचा डाग मात्र तुला खुर्चीतून दिसतो, असंही तीच म्हणाली. असो. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या की पत्रात आधी दुसऱ्याची विचारपूस करावी, मग आपली खुशाली कळवावी, आणि काही मागायचं असलं तर त्याचं वेगळं पत्र लिहावं. तेव्हा हे नुसतं खुशालीचं पत्र आहे.

तुझ्या मेव्हण्यांची खेळण्यातली रेल्वे तुला माहीत आहेच. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, मागच्या खोलीत आडव्या टाकलेल्या एका जुन्या दारावर ती वाढते आहे. आता ती कपाटाखालून जाते, शिवणयंत्राला वळसा घालते आणि परत येते. सिग्नल मेलेल्या घड्याळांच्या स्प्रिंगांवर वरखाली होतात. स्टेशनावरचं घड्याळ म्हणजे कुठल्याशा बाईंचं मनगटी घड्याळ (त्या न्यायला आल्याच नाहीत), आणि ते इतकं बरोबर चालतं की मी भात त्यावर लावते. माझ्या नवऱ्याचं कौतुक मीच करू नये, पण दुसरं कुणी त्या खोलीत जातच नाही, म्हणून करते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी अशा छोट्या रेल्वेवाल्यांचं प्रदर्शन आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच यांची गाडी घराबाहेर पडणार आहे. त्यात यांनी मनाशी घेतलं की रेल्वेला स्वतःचं बोधचिन्ह हवं. “चिन्ह नसलेली गाडी म्हणजे दुकानातून आणलेली गाडी,” म्हणाले. माणूस एकोणीस वर्षांत एवढंच मागतो आहे, म्हणून मी शिवणयंत्रावरचे कपडे उचलले आणि जागा करून दिली.

पहिलं चित्र कॅलेंडरएवढं झालं. त्यात घड्याळाची तबकडी, तिला पंख, मधून धावणारा ससा, भोवती वेलबुट्टी आणि खाली ‘मा. खो. रे.’ (मागची खोली रेल्वे). इतकं देखणं की मला ते उशीच्या अभ्र्यावर भरावंसं वाटलं. पण डब्यावर जागा मसुरीच्या दाण्याएवढी. छापखानेवाल्याने तेच चित्र तेवढं बारीक करून पाण्यात भिजवून चिकटवायच्या कागदावर छापून दिलं. यांनी चिमट्याने चिकटवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि खूश झाले. सशाच्या मिशासुद्धा दिसतात म्हणाले. मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर गाडीच्या प्रत्येक डब्यावर एकेक डास चिरडलेला. उभा जन्म भिंगातून बघण्यात गेलेल्या माणसाला जग भिंगाशिवाय बघतं हे सुचलंच नव्हतं. (सुचल्यावरही हार मानली नाही. प्रत्येक प्रेक्षकाला दारातच एकेक भिंग द्यायचा विचार दोन दिवस चालू होता.)

दुसऱ्या खेपेला फक्त ससा आणि तीन अक्षरं. छान दिसला. इंजिनाच्या डाव्या अंगाला ससा पुढे धावत होता. उजव्या अंगाला मात्र तोच ससा गाडी सोडून घराकडे पळत होता. छापखानेवाला म्हणाला, “त्यात काय काका, उलटा छापून देतो.” दिला. सशाबरोबर अक्षरंही उलटी. कुणीही डोकं आपटलं असतं. यांनी माझा पावडरीच्या डब्यातला आरसा काढून नेला आणि त्या बाजूला रुळांच्या मागे असा उभा केला की गाडी फलाटावर थांबली की त्यात नाव सुलट दिसावं. फक्त वाचणाऱ्याने बोगद्यात डोकं घालायला हवं. दादा, मी त्या दिवशी खूप हसले, आणि मनात म्हटलं, असा माणूस शोधून सापडायचा नाही.

तिसऱ्या खेपेला यांनी स्वतः ब्रश हातात घेतला. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर यांचा उजवा हात थरथरतो, ते मी तुला कळवलं नव्हतं. ज्या हाताने केसाएवढे काटे बसवले, त्याला एक रेघ जमेना. यांनी ब्रश धुतला, पुसला, जागेवर ठेवला. “आज उजेड बरोबर नाही,” म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं.

मग बऱ्याच वेळाने मला विचारलं, “तुझं ते पाटीवरचं टिंब कसं होतं गं?” मी सांगितलं: गोल, पिवळं, रस्त्याच्या पलीकडून दिसणारं. यांचा चेहराच बदलला. टिंब! दोन्ही बाजूंनी सारखं, कुठेही पळून न जाणारं, बारीक केलं तरी टिंबच. हिरव्यागार डब्यावर एक पिवळं टिंब, बस्स. इंजिन, सहा डबे आणि शेवटचा गार्डचा डबा, दोन्ही बाजू मिळून सोळा. छापून बघितलं, तर हिरव्यावर पिवळं विरून चिखलाचा रंग झाला. मी हाताने काढून बघितलं. माझं टिंब बटाट्यासारखं आलं. (श्वास मध्येच सुटला.)

तर आमची खुशाली ही अशी. मागणी काही नाही. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. यांना हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही. सोबतचं पार्सल यांनीच बांधलं आहे आणि तुझा पत्ता दोनदा विचारून घेतला आहे, पण माहीत नाही असंच आपण धरून चालायचं.

आणखी एक. वर ‘मागणी काही नाही’ लिहिलं ते सिस्टरांना स्मरून लिहिलं. आता त्या नाहीत, तेव्हा मागते. तो डबा माळ्यावरून खाली काढ आणि ये. नजर गेली असेल तर आमच्याकडे भिंगं पंचवीस आहेत.

शेवटचं, पार्सलमधलं कुणाला काय ते. राखाडी स्वेटर तुझ्या मुलाला. तुझा म्हणून विणला होता, माप वाढलं. जामची बाटली सूनबाईला, तुला आठ दिवस सोडणार आहे म्हणून. उलट्या सशांचा कागद आणि आरसा नातीला. कापसात गुंडाळलेला हिरवा गार्डचा डबा तुला. त्याच्या दोन्ही बाजू कोऱ्या आहेत. तो पोस्टाने परत पाठवायचा नाही, खिशात घालून आणायचा. पिवळा रंग इथे आहे, ब्रश तेवढा तुझा आण. त्या डब्याची डावी बाजू तुझी, उजवी माझी. शिडी लागणार नाही, पण धरायला मी उभी राहीन.