सम्राटाचा मुकुट कोणी घालायचा

बाबा, तुमचं जुन्या जर्मन साम्राज्याच्या इतिहासाचं जाड पुस्तक आता भंडाऱ्याहून माझ्याकडे साकोलीला आलं आहे. मी इथे शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिण्याआधी प्रत्येक वाक्य दोनदा ताडून पाहते; मुलं कंटाळतात.

मला शाळेत घालण्याआधी काही वर्षं तुम्ही घरीच शिकवलंत. इतिहासासाठी पुठ्ठ्यावर खेळ आखला होता. तिथला सम्राट मतांनी ठरायचा आणि मतं मोजक्याच राजांना नि धर्मगुरूंना असायची. आपण दोघं, आई आणि आत्या कवड्या टाकून ती मतं, म्हणजे चिंचोके, गोळा करायचो. जिंकणाऱ्याला मिठाईच्या खोक्याचा सोनेरी मुकुट. आई तांदूळ निवडता निवडता जिंकायची. मी एकदाही जिंकले नव्हते. जेवतानाही माझं लक्ष त्या मुकुटाकडे असायचं.

एका संध्याकाळी माझ्यासमोर चिंचोक्यांचा ढीग साचतो आहे. आता मुकुट माझाच. पण सकाळी तुम्हीच वाचून दाखवलेलं मला टोचत असतं. शेवटी मी बोलून टाकते, "बाबा, बाईला सम्राट होता येत नव्हतं."

मागचा डाव जिंकलेली आई घाईनं डोक्यावरचा मुकुट काढते. आत्या कवड्या खाली ठेवते. "मंग आमी तिघी कायले खेळून राहिलो? घे बाप्पा, तूच खेळ, तूच जिंक!"

"खेळात चालते, बेटा," तुम्ही म्हणता.

"मग खेळ खोटा."

"खरा ठेवला तं मी एकटाच उरतो. असा कोणता खेळ असते?"

आई सुपातला खडा काढत तुमच्याकडे पाहून म्हणते, "यायलेच करा सम्राट. कारभार मी पाहीन."

तुम्ही मांडीवर थाप मारता. "अरे, एकदा नेमकं असंच झालं होतं! निवडलं नवऱ्याले, राज्य चालवलं बायकोनं!"

"त्याले पुस्तक कायले लागते?" आत्या म्हणते. "आपल्या घरी तेच तं सुरू आहे."

मग तुम्ही नियमावरच मतदान घेतलंत. बाईला मुकुट चालेल, असे तीन हात वर. विरोधात एकटी मी. डाव पुढे गेला आणि मी जिंकले. तुम्ही मुकुट पुढे केलात. मी हात मागे बांधून म्हटलं, "माझं मत विरोधात होतं." तुम्ही हसला नाहीत. "बरोबर आहे. पुढच्या वेळी विचार करून सांग," एवढंच म्हणालात. आत्यानं मुकुट स्वतःच्याच डोक्यावर चढवला, दारात गेली आणि दूधवाल्याला दम दिला, "पाणी टाकशीन तं राज्यातून हाकलीन!"

पुढची वेळ आलीच नाही. त्याआधी तुम्ही गेलात.

परवा वर्गासाठी मी तो खेळ पुन्हा आखला आणि त्याच नियमाशी अडून बसले. पुस्तक पुन्हा ताडलं; त्या गादीसाठी एकही बाई निवडली गेली नव्हती. शेवटी लिहिलं: मुलगी जिंकली तर मुकुट तिनंच घालावा, खरं काय झालं ते डाव संपल्यावर सांगावं. मग तुम्हाला हे पत्र लिहायला घेतलं.

हे पत्र आत्याला दाखवणार नाही. ती लगेच सोनेरी खोकं घेऊन एसटीत बसेल. आणि बाबा, या वेळी मी मुकुटाला नको म्हणणार नाही.